फसलेल्या बागेची फलश्रुति

स्तोत्राच्या शेवटीं फलश्रुति असते. अमुक वेळां पाठ केला असतां अमुक फळ मिळतें, असें तींत निश्चयानें सांगितलेलें असतें. परसबागेस अशी फलश्रुति कोणीं लिहून दिलेली नाहीं. ज्येष्ठांत बीं टाकावें, आषाढांत वेल मांडवावर चढवावे आणि श्रावण-भाद्रपदांत सुपांत जें पडेल तें मुकाट्यानें मोजावें, एवढाच तिचा विधि. एखाद्या वर्षीं सूप भरतें. एखाद्या वर्षीं त्याचा तळहि झांकत नाहीं. ह्या महिन्यांत आम्ही दुसऱ्या प्रकारच्या वर्षाविषयीं चार गोष्टी सांगणार आहों. भरलेल्या सुपास उपदेशाची गरज नसते.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. अशा प्रसंगीं गीतेंतील निष्काम कर्माचा दाखला देण्याची आमच्या पिढीस खोड आहे. ती आम्ही येथें आवरतों. गीतेचा उपदेश थोर खरा. परंतु दोडक्याचें बीं पेरणाऱ्या माणसास दोडका खाण्याची इच्छा असते आणि त्या इच्छेंत पाप असें कांहीं नाहीं. तीन महिने माती उकरून, पाणी घालून, गोगलगाई वेंचून शेवटीं पानांखेरीज कांहीं हातीं न आल्यास वाईट वाटावयाचेंच. तें वाटूं द्यावें. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. हें वाईट वाटणें कोणाच्या माथीं मारावयाचें?

एकत्र कुटुंबांत ह्या प्रश्नाचें उत्तर फार लवकर सांपडतें. बाग ज्याच्याकडे किंवा जिच्याकडे असेल त्या व्यक्तीच्या "हाताला गुण नाहीं", असें कोणी तरी सहज बोलून जातें. बोलणारा तें दोन घटकांत विसरतो. ऐकणारें माणूस विसरत नाहीं. पुढच्या वर्षीं तें माणूस बीं आणावयास जात नाहीं, मांडवाचे बांबू कुजून पडतात, आणि त्या जागेवर फरशी घालून मोटार उभी करावी ही सूचना घरांत बिनविरोध संमत होते. आमच्या पाहण्यांतील तीन-चार परसें अशींच गेलीं. पावसानें वा किडीनें जें झालें नव्हतें तें त्या एका वाक्यानें झालें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, बाग फसली तर चौकशी बागेची करावी, माणसाची करूं नये. आणि ती चौकशी वैद्य रोग्याची करतो तशी, एकेक कारण निराळें काढून करावी.

पहिला प्रश्न पाण्याचा. २०२५ सालचा हंगाम उदाहरणादाखल घेऊं. त्या वर्षीं मोसमी पाऊस केरळांत २४ मे रोजीं आला. तेथील नेहमींची तारीख १ जून. मुंबईस तो २६ मे रोजीं पोंचला. तेथील नेहमींची तारीख ११ जून. आमच्या कृष्णाकांठीं वळवाचा पाऊस कोठें संपला व मोसमी पाऊस कोठें सुरू झाला हें कळलेंच नाहीं. वैशाखांत खणलेली माती उन्हांत तापूं देणें ही परसाची पहिली मशागत होय. तापलेल्या मातींत किडींचे कोष व बुरशीचे अंश पुष्कळसे मरतात. त्या वर्षीं माती पुरती तापण्यापूर्वींच भिजली आणि पुढें ओल हटेना. मुळांस पाण्याइतकीच हवाहि लागते. मातींतील बारीक पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे मुळें गुदमरतात, आणि झाड ओल्या मातींत उभें असूनहि सुकल्यासारखें माना टाकतें. पाहणारा म्हणतो, "ह्यास पाणी कमी पडलें." तो आणखी एक तांब्या ओततो व झाडाचा शेवट जवळ आणतो.

याच्या उलट २०२३ सालचा ऑगस्ट. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. सरासरीहून सुमारें ३६ टक्के पाऊस कमी पडला. त्याहि वर्षीं कित्येक परसांतील वेलांनीं फळ धरलें नाहीं. आतां मौज अशी कीं, घरच्या आठवणींत हीं दोन्ही वर्षें "दोडका न आलेलीं वर्षें" म्हणून एकाच खणांत जाऊन पडतात. एका वर्षाचा उपाय चर खणून पाणी बाहेर काढणें व वाफे वीतभर उंच करणें. दुसऱ्याचा उपाय बुंध्याशीं पाचोळा पसरून ओल धरून ठेवणें. उपाय परस्परांच्या उलट आणि आठवण मात्र एक! अशा आठवणीवर विसंबून पुढील वर्षाची तजवीज कशी होणार?

म्हणून नोंद हवी. नोंदीचें हें महत्त्व आमच्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. पाऊस मोजण्यासाठीं कोठारापाशीं हातभर रुंद तोंडाचें कुंड ठेवावें, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. इतकेंच नव्हे, तर प्रदेशवार आंकडेहि दिले आहेत. रुक्ष जांगल प्रदेशांत १६ द्रोण, अश्मक देशांत साडेतेरा द्रोण, अवंतींत २३ द्रोण, आणि अपरान्त म्हणजे आमचें कोंकण, तेथें पावसास मापच नाहीं! पाऊस किती हें पाहून कमी पाण्याचें पीक घ्यावें कीं अधिक पाण्याचें, हें सरकारी शेतीच्या अधिकाऱ्यानें ठरवावें, असाहि त्यांत विधि आहे. राज्यास जें करतां येत होतें तें घरास कां करतां येऊं नये? सरळ कांठाचा एक डबा उघड्यावर ठेवावा व रोज सकाळीं फुटपट्टीनें पाणी मोजावें. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जमिनीवर १ लिटर पाणी. हें गणित चौथींतील मुलासहि समजतें. तेव्हां तें काम त्याच्याकडेच सोंपवावें. वहींत पेरल्याची तारीख, उगवल्याची तारीख, पहिलें फूल, पहिलें फळ आणि दिसलेली कीड एवढ्या पांच गोष्टी लिहिल्या तरी पुरे. चांगल्या वर्षीं अशी वही लिहावयाची आठवण कोणास राहत नाहीं. ती वाईट वर्षींच सुरू होते.

दुसरा प्रश्न फुलांचा. "वेल गच्च भरला आहे, फुलें रोज येतात, फळ मात्र धरत नाहीं", ही तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते. भोपळा, काकडी, कारलें, दोडका ह्या वर्गांत नरफुलें व मादीफुलें एकाच वेलावर पण निराळीं येतात. आरंभीं बरेच दिवस नुसतीं नरफुलेंच येतात. तो वेलाचा दोष नव्हे, त्याचा क्रम आहे. मादीफूल ओळखणें सोपें. त्याच्या पाकळ्यांखालीं इवलेंसें फळ आधींच असतें. नरफुलांतील पराग तेथें पोंचला नाहीं तर तें इवलें फळ पिवळें पडून गळतें. पराग पोंचविण्याचें काम मधमाश्या, पतंग इत्यादि कीटक करतात, आणि संततधार लागली म्हणजे ते बाहेर पडत नाहींत. अशा वेळीं तें काम आपण करावें. ताजें नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागें सारून, मधला परागाचा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवून फिरवावा. वेळ मात्र सांभाळावी. भोपळा, काकडी व कारलें यांचीं फुलें सकाळीं उमलतात. दोडका, दुध्या आणि पडवळ यांचीं दिवस कलल्यावर. सकाळच्या फिरण्यानंतर दोडक्याच्या मांडवाखालीं उभे राहून मिटलेलीं फुलें मोजणारे व निराश होऊन घरांत शिरणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं संध्याकाळीं दिवेलागणीच्या आधीं एकदां तेथें यावें.

टोमॅटोची गोष्ट निराळी. त्याचें फूल एकाच ठिकाणीं पूर्ण असतें. परंतु दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर गेली किंवा रात्रीं हवा फार उबदार राहिली म्हणजे तें फळ न धरतांच गळतें. ज्यांची बाग सदनिकेच्या सज्जांतील चार कुंड्यांत आहे त्यांना हा अनुभव अधिक येतो, कारण दिवसा तापलेली भिंत रात्रींहि ऊब सोडीत असते. त्यावर खताचा इलाज नाहीं. कुंडी भिंतीपासून दूर करावी, दुपारचें ऊन अडवावें, आणि थंडीची वाट पाहावी.

तिसरा प्रश्न किडीचा व रोगाचा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडूं लागल्या म्हणजे शेतकरी त्यास हळद्या म्हणतात. हा रोग पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, आणि लागलेलें झाड पुन्हां बरें होत नाहीं. तें त्याच दिवशीं उपटावें. परभणी क्रांति, अर्का अनामिका ह्या जाती ह्याच रोगास तोंड देण्यासाठीं तयार झाल्या. पण त्यांचाहि प्रतिकार सर्व ठिकाणीं सर्वकाळ टिकला असें नाहीं. वांग्याचा कोंवळा शेंडा एकाएकीं मान टाकतो तेव्हां आंत अळी असते. तो शेंडा दोन-तीन बोटें खालून खुडून नष्ट केला तर पुढें तीच अळी फळांत शिरत नाहीं. काकडी-दोडक्याच्या कोंवळ्या फळास फळमाशी टोंचून अंडीं घालते. तें फळ वांकडें होऊन सडतें. असें पडलेलें फळ खतांत टाकूं नये, खोल पुरावें, आणि वेलावरील चांगल्या फळांस कागदाची पिशवी बांधावी. गोगलगाईंसाठीं संध्याकाळीं ओलें गोणपाट अंथरून ठेवावें. सकाळीं त्या त्याखालीं गोळा झालेल्या असतात. तेथून वेंचून त्यांस मिठाच्या पाण्यांत टाकावें.

पाणी, फुलें, कीड. ह्या सर्व यादींत "हाताचा गुण" कोठें बसतो, तें वाचकांनींच पाहावें.

आमच्या घरीं दोन्ही वेळां सोळा पानें होतात. परसाचें काम गेलीं कांहीं वर्षें धाकट्या सूनबाईंकडे आहे. २०२५ च्या श्रावणांत मांडव नुसता हिरवा राहिला, भेंडी पिवळी पडली, आणि घरांतील एका वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून तें वाक्य निघून गेलें. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. दोन दिवसांनीं वहींतील पाऊस उतरून घेतांना त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, पुढच्या वर्षीं ही बाग दुसऱ्या कोणाकडे द्यावी."

त्यानंतर ऋषिपंचमी आली. ती २८ ऑगस्टला होती. त्या दिवशींची भाजी बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेली असावी हा आपल्याकडील रिवाज. त्यामुळें ज्यांस परस आहे त्यांच्या बागेची ती वार्षिक परीक्षाच म्हणावयाची. आमच्या परसांत त्या दिवशीं अळूं होतें, लाल माठ होता, चार भेंड्या होत्या आणि शिराळें एकच होतें. तें एक फळ ज्या वेलावर होतें तेवढाच वेल अखेरपर्यंत निरोगी राहिला होता. सूनबाई सुरी घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या.

"तें फळ बियांना ठेवावें असें वाटतें," त्या आमच्या वहिनींना म्हणाल्या. "पण पंचमीच्या भाजींत शिराळें नाहीं म्हणजे..."

वहिनी घरांत सर्वांत वडील. त्यांनीं अळूचे देंठ सोलतां सोलतां वर न पाहतांच उत्तर दिलें, "अग, ऋषि हजारों वर्षें थांबलेले आहेत. आणखी एक वर्ष थांबतील. राहूं दे वेलावर."

त्या दिवशीं भाजी शिराळ्यावांचून झाली व तीबद्दल पंगतींत कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. कार्तिकांत तें फळ वाळून तपकिरी झालें, हलविलें कीं आंतील बिया वाजूं लागल्या. त्यांची पुडी तारीख घालून देवघराच्या कोनाड्यांत ठेवली. बाग दुसऱ्या कोणाकडे देण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

बीं राखण्यासंबंधानें येथें दोन शब्द. संकरित बियाण्याच्या फळाचें बीं पेरल्यास पुढील पीक मूळ जातीसारखें येईलच असें नाहीं. तेव्हां घरीं राखावयाचें बीं गांवरान जातीचें असावें. रोगट झाडाचें बीं कधींहि घेऊं नये. वाईट वर्षीं जें झाड तगलें, तें आपल्या मातीस व आपल्या पावसास मानवलेलें असण्याचा संभव अधिक. म्हणून अशा वर्षींचें एक चांगलें फळ पोटांत घालण्याऐवजीं पुडींत घालावें. पेरणीपूर्वीं दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या. सहा-सातांहून कमी उगवल्या तर त्या बियाण्याचा भरंवसा धरूं नये.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. थोडक्या भाजीची लाज वाटण्याचें कारण नाहीं. पेरलेलें आलें नाहीं त्या वर्षीं न पेरलेलें पुष्कळ येतें. वाफ्यांत घोळ पसरते, कुंपणाशीं टाकळा व कुरडू वाढतात. ज्यास ह्या भाज्यांची नक्की ओळख आहे अशा वडील माणसास बरोबर नेऊन त्या खुडाव्या. ताकांतली घोळ ज्यांनीं खाल्ली आहे त्यांस तिची थोरवी सांगावयास नको. भोपळ्यानें फळ दिलें नाहीं तरी त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी होते, आणि काम संपलेल्या नरफुलांचीं भजीं होतात. न पिकणारे हिरवे टोमॅटो दाण्याच्या कुटाशीं वाटून चटणी होते. घरचे दोन दोडके सोळा पानांस पुरणार नाहींत. पण त्यांच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी सर्वांच्या पानांत बोटभर पडते. आणि ज्या कोंपऱ्यांत पाणी सांचून वेल मेले, त्याच कोंपऱ्यांत अळूं माजलेलें असतें. बागेंत सर्वच्या सर्व कधीं बुडत नाहीं.

बुडण्याचा खरा अर्थ शेतकऱ्यास विचारावा. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर-बीडकडील सोयाबीनचीं कोंवळीं रोपें गोगलगाईंनीं फस्त केलीं. सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत अतिवृष्टीनें उभीं पिकें तर गेलींच, पण कांहीं शेतांवरील मातीहि खरडून गेली. आपलें नुकसान एका सुपाचें असतें आणि संध्याकाळीं आपण मंडईंत जाऊन तें भरून काढतों. तेथें जी बाई पाटीमागें बसलेली असते तिच्याशीं एका जुडीसाठीं दोन रुपयांची हुज्जत घालण्यापूर्वीं आपला रिकामा मांडव आठवावा. फसलेल्या बागेनें एवढें शिकविलें तरी तिचें पाणी फुकट गेलें असें म्हणतां येणार नाहीं.

राहतां राहिलें मनाचें. लागोपाठ तीन महिने निराशा पाहिलेल्या माणसास पुन्हां तीन महिन्यांच्या पिकाची आशा दाखवूं नये. त्यास लवकर हातीं येणारें कांहीं तरी द्यावें. रोगट वेल उपटून जागा स्वच्छ करावी, माती उलटून आठ-दहा दिवस उन्हें देऊं द्यावीं, आणि दसऱ्यास मेथी टाकावी. ती तुळशीच्या लग्नापर्यंत खुडावयास येते. बरोबर पालक व मुळा टाकावा. धने रगडून त्यांचे दोन भाग करून पेरावे. आश्विन-कार्तिकांतील हवा पालेभाज्यांस मानवते, पाऊसहि बहुतेक आवरलेला असतो, आणि महिन्याभरांत पहिली जुडी घरांत येते. ती जुडी ज्यानें वा जिनें बाग केली त्याच हातांनीं स्वयंपाकघरांत यावी, आणि त्या दिवशीं वडील माणसांनीं भाजी आवर्जून दुसऱ्यांदा मागून घ्यावी. ह्यास फार शहाणपण लागतें असें नाहीं, पण तें वेळेवर सुचावें लागतें.

इतकें सर्व केल्यानें पुढील भाद्रपदांत सूप भरेल काय? असें आश्वासन आम्ही देत नाहीं. पाऊस आपल्या वहींत पाहून पडत नसतो. परंतु ज्या घरांत फसलेल्या हंगामाची नोंद होते व बाग करणाऱ्यास कोणी बोल लावीत नाहीं, त्या घरांत पुढच्या ज्येष्ठांत कोणी तरी कोनाड्यांतील पुडी मागावयास येतें. एवढी फलश्रुति मात्र आम्ही आमच्या जबाबदारीवर लिहून देतों.